सालीची पट्टी, पानाची पट्टी

भाजलेला माणूस सगळ्यात जास्त धसका घेतो तो पट्टी बदलण्याचा. व्हॅसलिनचा गॉज जखमेला चिकटतो आणि सोडवताना नुकती धरू लागलेली कोवळी कातडीही ओढून काढतो. न चिकटणाऱ्या पट्ट्या परदेशात मिळत, पण त्यांच्या किमती इथल्या रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरच्या.

परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी यावर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या. साली गॉजवर बसवायच्या, निर्जंतुक करायच्या, जखमेवर ठेवायच्या. साल जंतू मारत नाही. ती फक्त जखम ओली ठेवते आणि चिकटत नाही. मुलांच्या वॉर्डात तेवढंही पुष्कळ होतं. १९८५ मध्ये हे काम ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं.

पुढचं पाऊल शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पडलं. डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं घेतली, पिठाची खळ लावून ती गॉजवर चिकटवली आणि ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केली. पान मोठं, गुळगुळीत, बाराही महिने मिळणारं. बटाट्यासारखं उकडायला-सोलायला नको. २००३ मध्ये त्यांचे निष्कर्षही ‘बर्न्स’मध्येच प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००० साली, याच रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली होती. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी-पाठीवरची पातळ कातडी काढून ती ग्लिसरॉलमध्ये ठेवतात. स्वतःची कातडी उरलेली नसलेल्या रुग्णाला ती काही आठवडे झाकून ठेवते. शोध मुंबईत लागले याचं नवल नाही. रुग्णांची गर्दी तिथेच होती.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं धनज या वॉर्डांपासून फार दूर. स्टोव्ह भडकला किंवा उकळतं पाणी सांडलं, तर इथल्या माणसाला आधी तालुक्याला न्यायचं, तिथून वाशीम नाहीतर अकोल्याला. घरात तोवर टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीतरी लावून झालेलं असतं. ते सगळं आधी धुऊन काढावं लागतं, नाहीतर भाजलेलं किती खोल गेलंय हे डॉक्टरला दिसतच नाही. वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, एवढंच घरी करायचं; बर्फ नको.

दवाखान्यातला हिशेब वेगळाच. १९५१ पासून रूढ झालेल्या नवाच्या नियमाने मोठ्या माणसाचा एक हात अंगावरच्या एकूण कातडीच्या ९ टक्के, एक पाय १८ टक्के धरतात. पार्कलँड सूत्राप्रमाणे ५० किलोच्या, ३० टक्के भाजलेल्या माणसाला पहिल्या चोवीस तासांत साधारण ६ लिटर सलाइन लागतं. त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास मोजायचे भाजल्याच्या क्षणापासून, दाखल झाल्यापासून नव्हे. वाटेत दोन तास गेले, तर ते तीन लिटर उरलेल्या सहा तासांत द्यावे लागतात.