गोल्ड

(हिंदी चित्रपट, २०१८). लंडन येथील १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने हॉकीत मिळविलेल्या पहिल्या सुवर्णपदकावर बेतलेला कल्पित कथापट. दिग्दर्शन रीमा कागती. निर्मिती रितेश सिधवानी व फरहान अख्तर. संवाद जावेद अख्तर. प्रमुख भूमिका अक्षय कुमार, मौनी रॉय, अमित साध, कुणाल कपूर, विनीत कुमार सिंग व सनी कौशल यांच्या.

कथानक : १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून आरंभ होऊन तपन दास या बंगाली संघटकाच्या खटपटीने, फाळणीने दुभंगलेला संघ पुन्हा उभा राहून ब्रिटनला ४–३ असे नमवितो.

ऐतिहासिक आधार : तपन दास कल्पित आहे. वस्तुतः १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेंब्ली येथे किशनलाल यांच्या नेतृत्वाखालील संघाने ब्रिटनचा ४–० असा निर्विवाद पराभव केला. दोन गोल बलबीरसिंग यांचे, प्रत्येकी एक त्रिलोचनसिंग व पॅट्रिक जॅन्सन यांचा. पाच सामन्यांत पंचवीस गोल करून केवळ दोन स्वीकारणाऱ्या या संघाचा विजय अखेरच्या घटकेपर्यंत अधांतरी ठेवण्याची गरज पटकथेस का भासली, हे उमगत नाही. ज्यांच्या अंमलाखालून देश नुकताच मुक्त झाला त्यांच्यावर त्यांच्याच राजधानीत मिळविलेल्या निर्भेळ वर्चस्वाचे मोल त्यामुळे उणावले. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ हे मुंबईचे खेळाडू पडद्यावर नावानिशी येत नाहीत, हा दोष मराठी वाचकास विशेष जाणवावा. फाळणीचा विषय मात्र निराधार नव्हे : बर्लिनला भारताकडून खेळलेले अली दारा १९४८ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. चिखलमय मैदानावर पादत्राणे काढून खेळल्याचा प्रसंगही किशनलाल व के. डी. सिंग ‘बाबू’ यांच्याविषयी सांगितला जातो.

वऱ्हाडचा संबंध : बर्लिनच्या प्रसंगात हॉकीखेरीज अन्य भारतीय क्रीडेचा निर्देश अपेक्षित होता. त्याच सोहळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंच्या या संस्थेची स्थापना १९१४ ची. तत्कालीन वऱ्हाडात, अर्थात अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या चारही जिल्ह्यांत, आखाड्यांना नवे बळ मिळाले त्यामागे तिचा मोठा वाटा आहे. पोरांनी लाल मातीत घाम गाळावा, हुतूतूचा दम कोंडून धरावा आणि त्याच खेळाने परदेशी प्रेक्षकांसमोर उभे राहावे, ही घटना स्वतंत्र चित्रपटाच्या योग्यतेची आहे. स्वातंत्र्याचा काळही पटकथेत समजला जातो तितका एकसंध नव्हता. वेंब्लीचा सामना झाला त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सरहद्द असलेल्या पैनगंगेच्या पलीकडे निजामाचाच अंमल होता. तो पुढील महिन्यातील पोलीस कारवाईने संपला. उमरखेडकडील माणसाला स्वातंत्र्य नदीच्या एका तीरावर आलेले व दुसऱ्या तीरावर अद्याप यावयाचे, असे दिसत होते.

संगीत : सचिन-जिगर.

प्रदर्शन : १५ ऑगस्ट २०१८. सौदी अरेबियात व्यापारी तत्त्वावर प्रदर्शित झालेला हा पहिला हिंदी चित्रपट होय. भारतात उत्पन्न शंभर कोटी रुपयांवर गेले; तथापि क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने त्याचा दाखला प्रमाण मानू नये. अंतिम सामन्यात दोन गोल करणारे बलबीरसिंग चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा हयात होते. त्यांचे निधन २५ मे २०२० रोजी मोहाली येथे झाले.