अजिंक्य नायक आणि हरणारा खेळाडू

अद्भुत पराक्रमाची आवड चेन्नईला पाश्चात्त्य सुपरहिरोंनी लावली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबजार’ (१९५७) हे चित्रपट मद्रासच्याच स्टुडिओंत घडले. आणि त्यांचे निर्माते नागी रेड्डी व चक्रपाणी हेच १९४७ साली निघालेल्या ‘चंदामामा’चे, म्हणजे मराठी मुलांच्या ‘चांदोबा’चे, प्रवर्तक होत. ‘एन्दिरन’ (२०१०) मधील रजनीकांत यांचा यंत्रमानव चिट्टी हा त्याच परंपरेचा वारस. परंतु अशा नायकाचा चित्रपट आला की त्यावर बेतलेला व्हिडिओ गेमही यावा, ही प्रथा बाहेरून आलेली आहे. आणि असे खेळ बहुधा मूळ चित्रपटाच्या मानाने निकृष्ट ठरतात, हा अनुभव जगभरचा आहे.

याचे कारण सामान्यतः घाईत शोधले जाते. चित्रपटाच्या प्रदर्शनाची तिथी ठरलेली असते आणि खेळाला तीच गाठावी लागते. ‘ई. टी.’ या चित्रपटावरील अटारीचा १९८२ चा खेळ नाताळच्या बाजारासाठी अवघ्या पाच आठवड्यांत रचला गेला आणि त्याची अपकीर्ती झाली. हे कारण खरे आहे. तथापि ते पुरेसे नाही. खरा पेच रूपाचा आहे. चित्रपटातील महानायक जिंकणार, हे प्रेक्षक गृहीत धरूनच आसनावर बसतो. कसा जिंकतो हे पाहण्यात त्याचा आनंद असतो. खेळात मात्र हरण्याची शक्यता नसेल, तर जिंकण्याला अर्थच उरत नाही.

१९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटामागोमाग १९७९ साली आलेल्या अटारीच्या खेळाने हा पेच ओळखला होता. त्यातील सुपरमॅन मरत नाही. पण क्रिप्टोनाइटचा स्पर्श होताच त्याची शक्ती जाते, ती लोइस लेनच्या भेटीनेच परत मिळते, आणि कार्य किती वेळात पुरे झाले यावर यश मोजले जाते. २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’ या खेळाने दुसरी वाट काढली. तेथे जाळ्याचा तंतू खरोखरच एखाद्या इमारतीला चिकटावा लागतो. झोका साधण्याची विद्या खेळणाऱ्याने पडत-झडत स्वतः कमवायची असते. सामर्थ्य तेथे दाखवले जात नाही, शिकवले जाते.

चेन्नईची गोष्ट याहून बिकट आहे, कारण तेथे पात्राइतकाच नटही अजिंक्य असतो. सौंदर्या रजनीकांत यांच्या ‘कोचडैयान’ (२०१४) या चित्रपटात नटांच्या हालचाली यंत्राने टिपून त्यांवरून संगणकीय देह घडवले होते. म्हणजे तंत्रापुरता तो चित्रपट खेळाच्या उंबरठ्यावरच उभा होता. त्याच्या निमित्ताने ‘रेन ऑफ ॲरोज’ हा मोबाइलवरील खेळही निघाला. परंतु रजनीकांत यांचे सामर्थ्य बाणात नाही. ते पडद्यावर पाऊल पडण्याआधीच उठणाऱ्या शिट्ट्यांत आहे. एकट्याने, हातातल्या काचेवर बोट फिरवणाऱ्याला ते कोठून लाभावे? चेहरा उसना घेता येतो. सभागृह उसने घेता येत नाही.

नवलाची गोष्ट अशी, की हाच प्रश्न एका हिंदी चित्रपटाने कथारूपाने मांडला आहे. ‘रा.वन’ (२०११) मध्ये शेखर सुब्रह्मण्यम् हा तमिळ खेळ-रचनाकार मुलाच्या हौसेखातर न हरणारा खलनायक निर्माण करतो, आणि तो खेळाबाहेर पडून निर्मात्याचाच जीव घेतो. चिट्टीही तेथे क्षणभर दर्शन देऊन जातो. जो हरू शकत नाही तो खेळ मोडतो, हे त्या कथेचे मर्म. मुंबईच्या ट्राइन या संस्थेने त्याच साली त्यावर प्लेस्टेशनसाठी खेळ केला. पण कथेने विचारलेला प्रश्न आजही अशा प्रत्येक खेळापुढे उभा आहे.

त्याचे उत्तर शोधण्यास चेन्नईला फार दूर जावे लागू नये. ‘चांदोबा’तील विक्रमराजा दर महिन्याला प्रेत खांद्यावर घेई, प्रश्नाचे अचूक उत्तर देई, मौन मोडे, आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळे. राजा शूर होता, ज्ञानी होता, आणि तरीही दर वेळी हरत होता. हट्ट न सोडता पुन्हा झाडाकडे वळणे हाच त्याचा पराक्रम. चित्रपटाने या परंपरेतून अजिंक्यता उचलली. खेळाला हवा आहे तो विक्रम, जो हरतो आणि परत फिरतो.