नुकसान आणि हानी

शेतकरी ‘नुस्कान’ म्हणतो, तलाठी कागदावर ‘नुकसान’ लिहितो. शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे मराठी दप्तरात आलेला. अरबीत ‘नक्स’ म्हणजे कमी होणं, उणं पडणं. हिंदी-उर्दूत दोषाला ‘नुक्स’ म्हणतात, तोही याच कुळातला. म्हणजे नुकसान हा मुळात घावाचा शब्द नव्हे, घटीचा आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी राजशब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी रोजच्या व्यवहारात मुरलेले असे कितीतरी शब्द जागचे हलले नाहीत.

घट मोजता येते आणि भरूनही काढता येते. म्हणून नुकसानीला भरपाई जोडली गेली. संस्कृतातून आलेल्या ‘हानी’चं तसं नाही. तिच्या मुळाशी ‘हा’ धातू आहे, अर्थ सोडणं, टाकणं. पुराच्या बातमीत माणसं गेली तर ‘जीवितहानी’ आणि पिकं गेली तर ‘नुकसान’ असं आपण आपसूक लिहितो. ‘नुकसानभरपाई’ सर्रास चालते, ‘हानीभरपाई’ कोणी म्हणत नाही. अब्रूच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द चालतात. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, तेज. त्या तेजात घट आणणं हा 1860च्या दंड संहितेत कलम 499चा गुन्हा होता. त्याला मराठीत अब्रूनुकसानी म्हणतात, तशी मानहानीही म्हणतात.

‘नुकसान’ या शब्दाचा खरा कस लागतो तो पंचनाम्यात. गट नंबर, क्षेत्र, पीक, आणि मग टक्के. सरकारी मदतीसाठी पूर्वी किमान निम्मं पीक जावं लागे. 2015 साली ही अट 33 टक्क्यांवर आली. शेंगेतच मोड आलेलं सोयाबीन, बोंडातच भिजून काळा पडलेला कापूस या टक्क्यांत बसवता येतो. पुढच्या हंगामात तिथे पुन्हा पेरणी होते.

पण नदीकाठचं रान पुराने खरवडून नेलं, वरची काळी माती वाहून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला, तर काय? बोटभर माती घडायला शेकडो वर्षं लागतात. सरकारी यादीत ‘खरडून गेलेली जमीन’ वेगळी धरतात, तिला मदतही वेगळी मिळते, हे योग्यच आहे. तरी तिची गणना नुकसानीतच होते. तिथे ‘हानी’ लिहायला हवं.