फिरत्या चकतीची वाट पाहताना

शाळेतला किंवा घरातला संगणक मंद चालतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष सहसा प्रक्रियकाला, म्हणजे प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात तो बिचारा पुष्कळदा रिकामा बसलेला असतो. हार्ड डिस्ककडून माहिती यायची वाट पाहत असतो. या वाट पाहण्यालाही एक इतिहास आहे. तो समजला, तर संगणकासाठी कोणती डिस्क घ्यावी हे आपले आपल्याला ठरवता येते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली 'टिफ्रॅक' हा संगणक तयार झाला आणि १९६० मध्ये काम करू लागला. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. तिच्यात ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट माहिती मावे. पण या स्मृतीत काहीही फिरत नव्हते. कोणत्याही कड्यातील माहिती वाचायला सारखाच, अत्यल्प वेळ लागे. मात्र अशी स्मृती महाग होती. लाखो अक्षरे साठवायला वेगळा मार्ग हवा होता.

तो मार्ग अमेरिकेत आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये दाखवला होता. 'रामॅक' संगणकाच्या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १,२०० वेळा फिरत आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद सापडायला सरासरी ०.६ सेकंद लागे. १९७३ मध्ये आयबीएमच्याच 'विंचेस्टर' डिस्कमध्ये चकत्या व वाचकशीर्षे एकाच बंद पेटीत आली. १९८० मध्ये सीगेट कंपनीने ५ मेगाबाइटची लहान डिस्क काढली आणि हार्ड डिस्क घरगुती संगणकात शिरली. १९९२ मध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क आली. २००७ मध्ये क्षमता एक टेराबाइटवर पोचली.

आता थोडे गणित करू. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ९ मिलिसेकंद धरू. एकूण झाले सुमारे १३. म्हणजेच 'रामॅक'पासून क्षमता दोन लाख पट वाढली, पण वाट पाहणे फक्त ४५ पटींनी कमी झाले! संगणक सुरू होताना विखुरलेले २०,००० लहान तुकडे वाचायचे असतील, तर २६० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक वेळ नुसता वाट पाहण्यात जाईल.

मग दोन डिस्क जोडल्या तर? १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कचा समूह वापरण्याची 'रेड' ही कल्पना मांडली. एकच माहिती दोन डिस्कवर वाटून ठेवली, तर मोठी चित्रफीत जवळजवळ दुप्पट वेगाने वाचता येते. पण एका लहान तुकड्यासाठीची वाट मात्र तेवढीच राहते. परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी नृसिंह स्थानकात उभ्या असलेल्या प्रवाशाला गाडीला दुप्पट डबे जोडून काय लाभ? गाडी यायची तेव्हाच येणार.

शिवाय धोका वाढतो. समजा, एक डिस्क वर्षभर टिकण्याची संभाव्यता ०.९५ आहे. माहिती वाटून ठेवल्यास दोन्ही टिकायला हव्यात: ०.९५ × ०.९५ = सुमारे ०.९०. माहिती गमावण्याचा धोका जवळजवळ दुप्पट झाला. उलट दोन्हींवर तीच माहिती ठेवली, तर दोन्ही एकाच वर्षी बिघडण्याची संभाव्यता ०.०५ × ०.०५ = ०.००२५ एवढीच उरते. (येथे बिघाड एकमेकांवर अवलंबून नाहीत असे गृहीत धरले आहे, विजेच्या एकाच झटक्याने दोन्ही जळू शकतात.) तरीही चुकून पुसलेली गुणपत्रिका दोन्हींवरून एकदमच नाहीशी होते, हे विसरू नये.

खरा उपाय निघाला तो फिरणेच बंद करून. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ मध्ये मांडलेल्या नँड फ्लॅश स्मृतीपासून आजच्या एसएसडी बनतात. त्यांत एका वाचनाला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. वरचे २६० सेकंदांचे काम दोन सेकंदांवर येते. टिफ्रॅकच्या कड्यांप्रमाणे येथेही हलणारा भाग नाही.

म्हणून जुना संगणक टाकून देण्याआधी त्यात लहानशी एसएसडी बसवून पाहावी. कार्यप्रणाली व नेहमीचे प्रोग्रॅम तिच्यावर आणि मोठ्या फाइली जुन्या डिस्कवर ठेवाव्यात. एसएसडीही अचानक बंद पडू शकते. तेव्हा निकाल, दाखले, विद्यार्थ्यांची कामे यांची एक प्रत संगणकापासून सोडवून दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. वेग पैसे देऊन मिळतो. गेलेली माहिती बहुधा मिळत नाही. वरील गणिते नववी-दहावीच्या वर्गात अवश्य करून घ्यावीत. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कसाठी अर्ध्या फेऱ्याला किती वेळ लागेल, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे.