गिरणगावाची साक्ष आणि दस्तऐवजी रंगभूमी

मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्यांपेक्षा त्यांखालची जमीन मोलाची ठरली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे कल्पिले होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, घरांसाठी म्हाडास आणि उरलेला मालकास. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती आक्रसली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली.

या स्थित्यंतराचा इतिहास रंगभूमीने कसा सांगितला? जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने (१९९७) तो चाळीतील एका खोलीत आणला. संपाने उद्ध्वस्त झालेले धुरी कुटुंब हा त्याचा विषय. जमिनीचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नाही. वास्तववादी नाटकाचे हे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही. प्रेक्षक हळहळतो, परंतु ज्या कागदाने हे घडविले, तो त्याच्यासमोर येत नाही.

दस्तऐवजी रंगभूमी तो कागदच रंगमंचावर आणते. पीटर वाइस यांनी १९६५मध्ये फ्रँकफुर्टच्या आउशवित्झ खटल्यातील साक्षींतून नाटक रचले, ते याच भूमिकेतून. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील कामगारांच्या मुलाखती २००४मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यानंतर रामू रामनाथन यांचे ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ हे नाटक सुनील शानबाग यांच्या दिग्दर्शनाखाली आले. दोन बेकार कामगारांच्या गप्पांतून त्यात गिरणगावाचा इतिहास उलगडतो. संहितेत कल्पित असले, तरी तिचे बळ साक्षीचे आहे. नियमातील ‘क्षेत्रफळ’ या निर्विकार शब्दासमोर तेथे राबलेला माणूस उभा राहतो.

मात्र साक्षीला श्रोताही लागतो. कामगार रंगभूमीचे आश्रयस्थान असलेले परळचे दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. स्थळ, कामगार आणि प्रेक्षक यांची फारकत झाली, की साक्ष केवळ स्मरणरंजन होण्याचा धोका संभवतो.

गिरणगावाच्या साक्षी बहुतांशी गिरण्या थंडावल्यावर नोंदल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रे आज चालू आहेत. तेथील कामगाराचे शब्द टिपण्यासाठी भोंगा बंद होण्याची वाट पाहणे, हे गिरणगावापासून काहीच न शिकण्यासारखे होईल.