इसार दोघांचा, सही तिसऱ्याची

मागच्या महिन्यात आठ दिवसांच्या फरकाने दोन माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसली. दोघांच्याही हातात स्टॅम्पपेपरवर लिहिलेली इसारचिठ्ठी. प्रश्नही एकच. "गुरुजी, विकणारा आता नाही म्हणते. कोर्टातून खरेदी करून घेता येते का?"

मी काही वकील नाही. शाळा मास्तर होतो, जुने कागद वाचायचा नाद आहे, म्हणून लोक येतात.

पहिला मूलकडचा. त्यानं घेतलेलं वावर सरकारी वाटपातलं, भोगवटादार वर्ग-२. विकायला कलेक्टरची परवानगी लागते. बयाणा देऊन दीड वर्ष झालं, तेवढ्यात रस्त्याचं काम निघालं, भाव चढला. आता विकणारा म्हणतो, "परवानगीच मिळत नाही, मी काय करू?" मी विचारलं, "अर्ज केला होता का त्यानं?" नाही. एकदाही नाही.

दुसरा चामोर्शीकडचा. त्याचा सौदा एका आदिवासी शेतकऱ्याच्या वावराचा. अर्धे पैसे दिलेले, दोन हंगाम धानही घेतलेलं. दलालानं त्याला सांगितलं होतं, "२०१८ पासून कायदा बदलला, आता कोर्टाला खरेदी करून द्यावीच लागते."

पहिल्याला मी म्हटलं, तुझ्या दाव्यात दम आहे, चांगला वकील बघ. दुसऱ्याला म्हटलं, हे होणार नाही. तो रागावला. "कागद सारखाच, स्टॅम्प सारखाच. मग त्याले एक न्याय अन् मले दुसरा कसा?"

प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ गोष्ट. करार मोडला तर साधारणपणे नुकसानभरपाई मिळते. जमिनीचं तसं नाही. एका वावरासारखं दुसरं वावर नसतं, पैसे घेऊन तेच वावर मिळत नाही, म्हणून कोर्ट विकणाऱ्याला थेट "खरेदीखत करून दे" असा हुकूम देऊ शकतं. ही रीत इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टातली. आपल्याकडे ती १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टने आली, आणि आज १९६३ चा कायदा लागू आहे. गावात त्याला "खरेदी करून मिळण्याचा दावा" म्हणतात.

आता चांद्याकडे या. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, चांदा इंग्रजांकडे गेला, पुढे १८६१ ला मध्य प्रांत झाला. त्याआधी गावचा पाटील किंवा मालगुजार हा मुख्यतः सारा गोळा करणारा. इंग्रजांनी जमाबंदी करताना (चांद्याची मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६० च्या दशकात केली) या मालगुजारांना गावाची मालकीच देऊन टाकली. मालकी आली की ती गहाण पडते, विकता येते, हुकूमनाम्यात लिलाव होते. सावकार, कर्जरोखा आणि दिवाणी कोर्ट ही तिकडी इथून सुरू झाली. कागद वाचता न येणारा माणूस कोर्टात जायचा तो जमीन वाचवायला, आणि परत यायचा तो जमीन घालवून.

हे सरकारच्याही लक्षात आलं. म्हणून मध्य प्रांताच्या कुळकायद्यात, आधी १८९८ च्या आणि मग १९२० च्या, एक अडसर घातला गेला. मालगुजाराच्या घरच्या शेतीला 'सीर' म्हणत. मालगुजारानं गावातला हिस्सा विकला तरी सीर जमिनीतून तो उठत नसे, तिथं तो कूळ म्हणून राहायचा. कसण्याच्या हक्कासकट सीर विकायची असेल तर महसूल अधिकाऱ्याची मंजुरी लागे. विक्री दोघांची, पण कागद पुरा व्हायला तिसऱ्याची सही हवी. १९१६ ला मध्य प्रांताचा जमीन हस्तांतरणावरचा कायदा आला, तोही आदिवासी जमीनमालकांना वाचवायलाच.

या सीर जमिनीवरूनच आपल्या प्रांतातला एक खटला थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मोतीलाल विरुद्ध नन्हेलाल, निकाल १९३० चा. सौदा सीर जमिनीच्या कसण्याच्या हक्कासकट झालेला. मुद्दा असा होता, की मंजुरीच नाही तर कोर्ट खरेदी करून द्यायला कसं सांगणार? प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, ज्यानं विकायचं कबूल केलं, त्यानं विक्री पुरी व्हायला लागेल ते सगळं करायचंही कबूल केलंच. मंजुरीचा अर्ज करणं त्यातच आलं. कोर्ट त्याला अर्ज करायला लावू शकतं, आणि मंजुरी आली की खरेदीखतही.

जवळपास शंभर वर्षं झाली, तरी हे तत्त्व जिवंत आहे. साठच्या दशकात दिल्लीतल्या एका बंगल्याच्या सौद्यात सुप्रीम कोर्टानं याच निकालाचा आधार घेतला. मूलवाल्याच्या दाव्यात दम आहे म्हटलं ते म्हणूनच. अर्जच न करता "परवानगी मिळत नाही" म्हणणं चालत नाही. (सगळ्या वर्ग-२ जमिनी एकसारख्या नसतात हे खरं. वाटपाचा आदेश आणि त्यातल्या अटी वाचल्याशिवाय कोणी शब्द देऊ नये.)

आता चामोर्शीवाला.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ ला. पण आदिवासींच्या जमिनी जायच्या थांबल्या नाहीत. कुठे दारूची उधारी, कुठे आजारपण, कुठे बियाण्याला पैसे नाहीत. शेवटी १९७४ मध्ये महाराष्ट्रानं दोन कायदे केले. एकानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत द्यायची सोय केली. दुसऱ्यानं जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घातलं. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर कलेक्टरची मंजुरी, आणि तीही राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेनं.

इथं कायद्याची भाषा नीट बघा. जमीन परत देण्याच्या कायद्यात 'हस्तांतरण' म्हणजे नुसती विक्री, गहाण, बक्षीसपत्र नाही. कोर्टाच्या हुकूमनाम्यानं गेलेली जमीनही त्यात धरली आहे. ३६-अ मध्येही दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतली विक्री नाव घेऊन लिहिली आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की जमीन घरातून जशी जाते तशी कोर्टातूनही जाते. म्हणून तो दरवाजाही त्यांनी लावून घेतला. कोर्टाचा हुकूम त्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाही.

या कायद्याला आव्हानही दिलं गेलं. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९८४ मध्ये तो वैध ठरवला. जमीन परतीच्या या प्रकरणांत वकील उभे राहू शकत नाहीत, ही तरतूदही कोर्टानं कायम ठेवली. कारण उघड होतं. एका बाजूला फी देऊ शकणारा आणि दुसऱ्या बाजूला न देऊ शकणारा असला की झुंज बरोबरीची राहत नाही.

मग ते २०१८ चं काय? दलाल अर्धं खरं बोलला. १ ऑक्टोबर २०१८ पासून दुरुस्ती लागू झाली, आणि करार पुरा करायला लावायचा की नाही ही कोर्टाची पूर्वीची मर्जी बरीच कमी झाली. पण त्या दुरुस्तीनं ३६-अ पुसलं नाही. विकणाऱ्याचा हात कोर्ट धरू शकतं. तिसऱ्याची सही कोर्ट स्वतः करू शकत नाही.

वनहक्काच्या पट्ट्याचं तर याहून स्पष्ट आहे. २००६ च्या कायद्यानं मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. तिथं परवानगीचा प्रश्नच नाही. तरी आमच्याकडे पट्ट्यावरच्या इसारचिठ्ठ्या लिहिल्या जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एक गोष्ट मनाला लागून आहे, तीही लिहितो. चामोर्शीवाला काही सावकार नाही. दोन एकरांचा माणूस, बायकोचे दागिने मोडून पैसे उभे केलेले. आणि ज्यानं वावर विकायला काढलं त्या काकांनाही पोरीच्या दवाखान्यासाठी पैसे हवे होते. कायद्यानं त्यांची जमीन राखली, पण त्या दिवशीची त्यांची गरज कोणी भागवली नाही. ती बँकेनं, सोसायटीनं, दवाखान्यानं भागवायला हवी होती. ती भागत नाही म्हणून दलालाचं फावतं. त्याचं कमिशन तर इसाराच्या दिवशीच निघून जातं, बुडतात ते दोघं.

आता सुरजागड, कोनसरी, वडसा-गडचिरोली रेल्वे या सगळ्यानं जमिनीची बोलणी वाढलीत. म्हणून हात जोडून सांगतो. इसार द्यायच्या आधी सातबारा काढा. वर्ग १ की २, 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय, मालक आदिवासी आहे का, ते बघा. परवानगी लागत असेल तर कोणी, किती दिवसांत अर्ज करायचा ते करारातच लिहा. बाकीची रक्कम तयार ठेवा आणि ती तयार होती याचा पुरावाही ठेवा, कारण कोर्ट ते विचारतं. दाव्याची मुदत ३ वर्षं. खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून.

मूलवाल्यानं नोटीस पाठवली आहे. चामोर्शीवाल्याला मी म्हटलं, काकांकडे भांडायला नको, बोलायला जा, वावर मोकळं कर आणि पैसे परत कसे मिळतील ते वकिलाला विचार. तो काही न बोलता गेला. परवा फोन आला. "गुरुजी, काका म्हणते धान निघाल्यावर थोडे थोडे देतो. तुम्ही येता का बसायले?"

जाणार आहे.