फॉर्मवर नसलेला रकाना

गुरुवार, 1 मार्च 2012. तीन दिवस आधी.
रशियन प्रोग्रामर एगोर होमाकोव ‘रूबी ऑन रेल्स’ या वेब फ्रेमवर्कच्या गिटहबवरच्या पानावर एक तक्रार नोंदवतो. रेल्समध्ये डेटाबेसमधल्या टेबलाचा प्रत्येक कॉलम आपोआप हाताशी येतो. टेम्प्लेटमध्ये नाव लिहिलं की पडद्यावर चौकट उमटते आणि फॉर्म परत आला की सगळी मूल्यं एका ओळीच्या कोडमध्ये रेकॉर्डमध्ये जातात. या सोयीपायीच लोक रेल्सवर जीव टाकत. पण टेम्प्लेटने न दाखवलेल्या कॉलमचं नाव कुणी स्वतः जोडून पाठवलं, तरी तोही भरला जातो. कोणते कॉलम भरू द्यायचे याची यादी देता येत होती, मात्र ती ऐच्छिक होती. होमाकोवचं म्हणणं, ती सक्तीची करा. उत्तर येतं : ही जबाबदारी ॲप लिहिणाऱ्याची.

शुक्रवार, 2 मार्च. दोन दिवस आधी.
गिटहब स्वतःच रेल्सवर उभं आहे. होमाकोव त्यांना एक त्रुटी कळवतो, ती दुरुस्त होते. याच दिवसांत रेल्सच्या तक्रारींत एक नोंद झळकते, तारीख तब्बल 1001 वर्षं पुढची! नोंदीची तारीख कुठल्याच फॉर्मवर विचारली जात नव्हती. माझ्या मते सगळे फॉर्म तपासायची वेळ हीच होती.

रविवार, 4 मार्च, सकाळी 8:49, पॅसिफिक वेळ. भारतात रात्रीचे 10:19.
गिटहबवर आपली एसएसएच की, म्हणजे कोड पाठवताना ओळख पटवणारी चावी, नोंदवायचा फॉर्म साधा आहे : कीचं नाव आणि की. ती कुणाच्या खात्याची, हा कॉलम टेबलात आहे, टेम्प्लेटमध्ये नाही. होमाकोव तोच जोडतो आणि त्यात रेल्सच्या खात्याचा क्रमांक भरतो. सर्व्हर तो मुकाट्याने साठवतो. पासवर्ड फोडावा लागत नाही, कुठलं कुलूप तोडावं लागत नाही.

त्यानंतर.
त्या कीच्या जोरावर रेल्सच्या मुख्य शाखेत ‘हॅक्ड’ नावाची फाइल येऊन पडते. जगभरच्या वेबसाइट ज्या कोडवर चालतात, त्यात एक परका माणूस हवं ते लिहू शकत होता. गिटहब ती की काढून टाकतं, त्याचं खातं गोठवतं, आणि हेतू वाईट नव्हता हे पटल्यावर पुन्हा सुरू करतं. त्याच आठवड्यात सगळ्या वापरकर्त्यांना आपापल्या की तपासून मंजूर कराव्या लागतात.

30 मार्च.
रेल्स 3.2.3 मध्ये नव्या ॲपसाठी यादी मूळ सेटिंगमध्येच सक्तीची होते. 2013 च्या रेल्स 4 मध्ये ती कंट्रोलरमध्ये येते. जँगो या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कनेही 2015 च्या 1.8 आवृत्तीपासून, फील्ड न सांगता मॉडेलवरून फॉर्म बनवणं बंद केलं. ‘सगळी फील्ड घे’ म्हणायची पळवाट मात्र तिथे अजून आहे.

दाखवण्याच्या बाजूलाही धोका तोच. टेम्प्लेटमध्ये सगळ्या फील्डवर लूप फिरवला असेल, तर उद्या कुणी टेबलात जोडलेला फोन नंबर न विचारता पानावर येईल. तुमच्या प्रकल्पात असा लूप असेल तर तो आजच काढा, आणि दाखवायच्या व स्वीकारायच्या कॉलमांची नावं एकेक करून हाताने लिहा.